पोहरा

इंदूर,
मे महिना, रविवार दुपार

प्रिय कुमुद,

अक्षर पाहून दचकू नकोस. पत्र माझंच आहे, हात पूर्वाचा आहे. मी पलंगावर बसून सांगते आहे आणि ती जेवणाच्या टेबलाशी बसून लिहिते आहे. सुनेकडून पत्र लिहवून घ्यायचं म्हणजे अर्ध्या गोष्टी गाळाव्या लागणार, असं तुला वाटेल. मी काही गाळणार नाही. तिलाही बजावलं आहे, की मी सांगेन ते लिहायचं, सुधारायचं नाही आणि मध्येच उठायचं नाही. ती म्हणाली, "मम्मी, ये डिक्टेशन आहे की सजा?" म्हटलं, हेही लिही. तर हे असं चालणार आहे.

मला तुझ्याकडे काही मागायचं आहे. ते शेवटी मागेन. आधीच मागितलं तर तू लगेच फोन उचलशील आणि मधलं सगळं राहून जाईल. शिवाय मागणं माझ्या तोंडून चटकन निघत नाही, हे तुझ्याइतकं कुणाला ठाऊक आहे? "लीले, तू बी ना, ऊँटासारखी घरून पाणी भरून येतेस," असं तू मला किती वर्षं चिडवते आहेस. देवासला तुझ्याकडे आले तरी पर्समध्ये माझी बाटली. तुझ्या अबोलीच्या लग्नात, ऐन उन्हाळ्यात, मी तीच बाटली घेऊन मांडवभर हिंडत होते. तुझे चिंतामणराव हात जोडून म्हणाले होते, "वहिनी, देवासला पाणी कमी आहे हे खरं, पण इतकंही नाही हो." सगळे हसले. मीही हसले. आता ते नाहीत, आणि ते वाक्य मला मधूनच ऐकू येतं.

त्या बाटलीचं कारण तू कधी विचारलं नाहीस. मला वाटतं, तुला ते माहीत होतं. तुमच्या इंदूरच्या घरी मागच्या दाराजवळ कोनाडा होता. त्यात एक काचेचा पेला असायचा. बाकी सगळी भांडी पितळेची आणि स्टीलची, काचेचा तो एकच. मला वाटायचं, मी पाहुणी म्हणून मला काचेचा. मी ते घरी कौतुकाने सांगितलं. पप्पा जेवत होते. त्यांनी आवाज चढवला नाही, हातातला घासही खाली ठेवला नाही. एवढंच म्हणाले, "बाळ, यापुढे घरून पाणी पिऊन जात जा. कुणाच्या घरी मागायचं नाही." ख्रिस्ती झालो तरी लोक आमची जुनी जात विसरले नव्हते, हे मला पुढे मोठी झाल्यावर कळलं. तुझ्या आईबद्दल माझ्या मनात राग नाही, कुमुद. माझ्या फ्रॉकचा उसवलेला घेर तिने कितीदा शिवून दिला, आणि त्याच हातांनी ती तो पेला वेगळा विसळायची. दोन्ही खरं होतं. पण मी मात्र त्या दिवसापासून कुणाकडे काही मागितलं नाही. आमचे हे, शांतवन, गेले तेव्हा नाही, भूषण गेला तेव्हाही नाही. करोनात माझा एकुलता एक मुलगा गेला आणि स्मशानभूमीत बायबलचा शास्त्रपाठ मी स्वतः वाचला, आवाज कापू न देता. लोक म्हणाले, लीलाताईंचा विश्वास खडकासारखा आहे. मला ते शब्द आवडले होते.

माझे डोळे जात आहेत. मोतीबिंदू असता तर काढून टाकला असता. डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग झिजतो आहे. डॉक्टर भले आहेत, गोड बोलतात. म्हणाले, "आंटी, बीच का जाएगा, साइड का रहेगा." म्हणजे मी ज्याच्याकडे बघेन तेच मला दिसणार नाही. तुझ्याकडे बघितलं तर तुझे कान दिसतील, खांदे दिसतील, मागची भिंत दिसेल, आणि चेहऱ्याच्या जागी ओल्या बोटाने पुसल्यासारखा डाग. माणूस बघायचा असेल तर त्याच्या शेजारी बघायचं. आत्ता मी खिडकीकडे तोंड करून बसले आहे, म्हणून मला पूर्वा थोडीशी दिसते आहे.

हे मला बऱ्याच दिवसांपासून माहीत होतं. मी कुणाला सांगितलं नाही, पूर्वालाही नाही. ती सकाळी बसने सिमरोलला ऑफिसात जाते ती संध्याकाळी येते. दिवसभर मी कशाला धडकते ते घरातल्या भिंतींनाच माहीत. लपवायला कठीण होता तो फक्त रविवार. आमचं चर्च तुला आठवत असेल, लहानपणी नाताळात केकसाठी तू माझ्या आधी येऊन बसायचीस. आता तिथे उपासना हिंदीत असते, महिन्यातून एकदाच मराठीत. त्या दिवशी शास्त्रपाठ वाचायचा मान माझा. नव्या मुलांना अक्षरं येतात, शब्द येत नाहीत. मी वाचू लागले की फक्त पंख्यांचा आवाज राहायचा. शाळेत जन्मभर मराठी शिकवलेली. कुठे थांबायचं, कुठे आवाज खाली आणायचा, हे मला येत होतं, आणि येतं हे चांगलं ठाऊक होतं. मी त्याला सेवा म्हणत होते. डोळे जायला लागल्यावर मी पाठ करून जाऊ लागले. कुठला भाग वाचायचा ते पाळकसाहेब आधीच कळवायचे. मी भिंगाखाली एकेक ओळ धरून घोकायची आणि रविवारी पुस्तकावर बोट फिरवत म्हणायची.

नाताळाआधीच्या मराठी उपासनेला विहिरीची गोष्ट होती. पूर्वा विचारते आहे, "विहीरची वि छोटी की बड़ी?" पहिली छोटी, दुसरी मोठी, बेटा. ती गोष्ट अशी, कुमुद. येशू पायी चालून दमलेला असतो. भर दुपारी एका परक्या गावात विहिरीच्या काठावर बसतो. तिथे एक शोमरोनी बाई पाणी न्यायला येते. त्याच्या लोकांचा आणि तिच्या लोकांचा भांड्याला भांडं लागू न देण्याचा रिवाज. तरी तो तिला म्हणतो, मला प्यायला दे. ती चकित होते. पुढे तो तिला वेगळ्याच पाण्याबद्दल सांगू लागतो, जे प्यायल्यावर तहानच उरत नाही. तेव्हा ती म्हणते, अहो, पाणी शेंदायला तुमच्याजवळ पोहरा नाही आणि विहीर तर खोल आहे.

याच गोष्टीवरून पूर्वाचं आणि माझं बिनसलं होतं. ती लग्न होऊन आली तेव्हा भूषणने हौसेने तिला हा पाठ वाचायला उभी केली. हिंदी शाळेत शिकलेली मुलगी, पोहरा हा शब्द तिने जन्मात ऐकला नव्हता. ती अडखळली, आणि इंदूरच्या माणसाच्या जिभेवर आधी जे येतं तेच आलं. ती बाई प्रभूला म्हणाली, तुमच्याजवळ पोहे नाहीत आणि विहीर खोल आहे. अख्खं चर्च हसलं. मागून कुणीतरी हळूच म्हणालं, "भिया, जलेबी भी नी है क्या?" पूर्वाही हसून मोकळी झाली असती. पण मी जागेवरून उठले, स्पष्ट आवाजात "पोहरा" म्हणाले आणि पुढचं वाक्य मीच पूर्ण केलं. त्यानंतर तिने मराठी पुस्तक हातात धरलं नाही. घरी पोहे केले की भूषण बशी पुढे करून म्हणायचा, "विहीर खोल आहे, अजून वाढा." तो आमच्यात समेट करू बघत होता. मी त्यावर कधी हसले नाही. (पूर्वा म्हणते आहे, "मम्मी, जाऊ दे ना आता." लिही, म्हटलं.)

तर तो नाताळाआधीचा रविवार. चर्चला नुकताच रंग दिला होता आणि रंगाऱ्यांनी मोठं पुस्तक हलवून परत जागेवर ठेवलं होतं. मी उभी राहिले, रिबिनीची खूण चाचपली, पान उघडलं, बोट ठेवलं आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत एक अक्षर न चुकता म्हटलं. थंडीमुळे पंखेही बंद होते. इतकी शांतता मी कधी ऐकली नव्हती. जागेवर येऊन बसले तेव्हा वाटलं, आज फारच चांगलं झालं. परत येताना पलासियाच्या सिग्नलला पूर्वाने स्कूटी थांबवली आणि मागे न वळता म्हणाली, "मम्मी, किताब उलटी थी."

मी विचारलं, सगळ्यांना दिसलं का? ती म्हणाली, "सबको पहले से पता है, मम्मी."

मग तिने एकेक सांगितलं. पाठ कुठला ते पाळकसाहेब आधी कळवत होते, ते फक्त मलाच. वाचायच्या जागेच्या पायरीला या वेळी पांढरा रुंद पट्टा मारला होता. मला ती रंगाऱ्यांची हौस वाटली होती, तो पट्टा माझ्यासाठी होता. झाडलोट करणारी गंगूबाई उपासनेआधी माझ्या वाटेतले जोडे उचलून बाजूला ठेवायची. आणि घरातल्या सगळ्या डब्यांवर पूर्वाने केव्हाच ठळक अक्षरांत नावं लिहिली होती, मला वाटायचं तिला नीटनेटकेपणा सुचला. मी लपवत होते, आणि मी लपवते आहे हे ते सगळे मिळून लपवत होते.

तू म्हणशील, किती चांगली माणसं. मलाही तसंच वाटायला हवं होतं. मला राग आला. न मागता दिलेली कणव मला त्या काचेच्या पेल्यासारखी वाटली. मी चर्चला जाणं सोडलं. नाताळ गेला, उपवासाचे दिवस गेले, गुड फ्रायडे गेला. देवाशी बोलणंही थांबलं. आणि तेव्हा लक्षात आलं, की एवढ्या वर्षांत मी त्याच्याकडेही स्वतःसाठी काही मागितलेलं नाही. आभार मानले, दुसऱ्यांसाठी मागितलं. भूषण व्हेंटिलेटरवर असतानासुद्धा मी म्हटलं, तुझ्या इच्छेप्रमाणे होऊ दे. लोकांना ती श्रद्धा वाटली. खरं तर मी देवाच्या घरीसुद्धा माझं पाणी बरोबर घेऊन जात होते.

मग एप्रिलमध्ये मी एक मूर्खपणा केला. पूर्वा ऑफिसला गेल्यावर एकटीच राजवाड्याच्या बाजारात गेले. मला मोठं भिंग हवं होतं आणि ते कुणाला न सांगता आणायचं होतं. तिथली गर्दी तुला माहीत आहे. डोळस माणूस तिथे अंग चोरून चालतो. एका दुचाकीचा धक्का लागला, पर्स पडली, बाटली घरंगळत कुठे गेली ते दिसलं नाही. डोक्यावर ऊन होतं. मी एका उभ्या रिक्षाचा दांडा धरला आणि तशीच राहिले. रिक्षावाल्याने विचारलं, "माताजी, कां जाना है?" मला पत्ता सांगता येईना, जीभ टाळूला चिकटली होती. त्याने आपली बाटली पुढे केली. मी मान हलवली, नको. त्याने पुन्हा पुढे केली. मी पुन्हा नको म्हटलं. तेव्हा तो ओशाळल्या आवाजात म्हणाला, "जूठा नी है माताजी. ऊपर से पी लो."

कुमुद, मला त्याचा चेहरा दिसत नव्हता, फक्त खाकी बाही दिसत होती. पण तो आवाज मी ओळखला. काचेचा पेला कशासाठी हे कळल्यावर माझ्या आत जो आवाज उमटला होता, तो हा. त्याला वाटलं, मी बाटेन म्हणून त्याचं पाणी घेत नाही आहे. त्याचं काय चुकलं? माझा स्वाभिमान आणि तुझ्या आईचा पेला बाहेरून अगदी सारखे दिसतात. मी तिथेच फुटपाथवर बसले आणि म्हटलं, "दे दो भिया." वरून प्यायला जमेना, अर्धं पाणी पदरावर सांडलं. शेवटी त्यानेच बाटली धरली, लहान मुलाला पाजावं तशी. मी तोंड लावून प्यायले.

संध्याकाळी मी पूर्वाला म्हटलं, विहिरीची गोष्ट वाचून दाखव. ती पुस्तक घेऊन आली. चाचरत, हिंदी वळणाने वाचत गेली आणि त्या शब्दापाशी थांबली. म्हणाली, "ये आप ही बोलो." मी म्हटलं, नाही, तूच म्हण. ती हळूच म्हणाली, "पोहरा." आणि मग मी रडले. भूषण गेल्यानंतर पहिल्यांदा, आवाज करून. पूर्वा माझ्याजवळ येऊन बसली आणि तीही रडली. ते आम्ही तेव्हाच करायला हवं होतं.

ती गोष्ट मी किती वेळा वाचली असेन. प्रत्येक वेळी मला वाटायचं, ही देणाऱ्याची गोष्ट आहे. तिची सुरुवात मागण्यापासून होते, हे मी कधी ऐकलंच नाही. तो दमला होता, तहानलेला होता, त्याच्याजवळ दोरी नव्हती, पोहरा नव्हता, आणि जिच्या भांड्याला हात लावायचा नाही तिच्याकडेच त्याने पाणी मागितलं. देवाला मागायची लाज वाटली नाही. मला वाटत आली. मी ज्याला माझं बळ म्हणत होते त्यातून त्याला आत यायला फट नव्हती. ती फट पडली ती डोळ्यांच्या जागी. डोळे परत मिळतील असं मी म्हणत नाही, मिळणार नाहीत. आणि भूषणचं दुःखही हलकं झालेलं नाही. शेवटच्या व्हिडिओ कॉलवर तो मास्क बाजूला करून "पाणी" म्हणाला होता आणि फोन बंद झाला, हे मी तुलाही सांगितलं नव्हतं. कुणीतरी त्याला पाणी दिलं असेल. कुणी, कशातून, मला कधी कळणार नाही. आता मी रोज त्या माणसासाठी प्रार्थना करते. आणि हल्ली स्वतःसाठीही मागते. फार काही नाही. आजच्या दिवसापुरता हात दे, एवढंच.

चर्चला पुन्हा जाऊ लागले आहे. मराठी पाठ आता पूर्वा वाचते. चुकते. मी पहिल्या बाकावर ओठ घट्ट मिटून बसते, आणि पांढऱ्या पट्ट्यामुळे मला तिचे पाय दिसतात.

आता मागणं. सिमरोलला पूर्वाच्या ऑफिसात मानस नावाचे गृहस्थ आहेत. त्यांची पत्नी वारली, एक मुलगी आहे. नाताळात केक खायला आले होते. चेहरा मला दिसला नाही, पण पूर्वा बोलत असली की तिचं वाक्य पूर्ण होईपर्यंत ते थांबतात, एवढं मी ऐकलं. परवा संध्याकाळी ती गॅलरीत फोनवर त्यांना सांगत होती, "मम्मी को ऐसे छोड़ के नहीं आ सकती. ये बात अब मत करना." डोळे गेलेल्या माणसाचे कान किती लांबचं ऐकतात, हे तिच्या लक्षात आलं नाही. पेन थांबलं आहे. लिही, बेटा. उठायचं नाही असं ठरलं होतं. कुमुद, तू दर फोनला म्हणतेस, "खोली रिकामी पडलीय, ये, नाही तर भाड्याने देते." ती खोली मला देशील? चार दिवसांसाठी नाही, राहिलेल्या दिवसांसाठी. माझा तुला काही उपयोग होणार नाही. बाथरूमची वाट शिकवावी लागेल, ताटात काय कुठे आहे ते सांगावं लागेल, माझी प्रार्थना तुझ्या देवघराला ऐकून घ्यावी लागेल. जमणार नसेल तर तसं कळव, मी नकार ऐकायलाही शिकते आहे. हे फोनवर विचारता आलं असतं. पण पूर्वाला तोंडावर सांगितलं असतं तर तिने मला वाक्य पूर्ण करू दिलं नसतं, आणि लिहिताना मध्ये बोलता येत नाही. टपालाची पेटी मला सापडायची नाही. तेव्हा हे पत्र तुझ्या हातात असेल तर ते तिने टाकलं आहे, एवढं समज. ये म्हणालीस तर बाटली इथेच ठेवून येईन. दारात पाऊल टाकलं की आधी पाणी मागेन. कुठल्याही पेल्यात दे.

खालची सही माझ्या हातची आहे, ओळीवर आली नसेल.

तुझीच,
लीला